बेदाणा शेडचा रॅक: लांबी ताणली की चौकटी आपोआप वाढाव्यात, असा घटक रेव्हिट या आरेखन प्रणालीत कसा बांधावा?

कृष्णाकाठ_आरेखक (सांगली), प्रश्न

नमस्कार.

मी सांगलीतील एका लहान वास्तुरचना कार्यालयात आरेखनाचे काम करतो. तासगाव आणि मिरज पूर्व भागातील द्राक्ष बागायतदारांची बेदाणा शेडची कामे आमच्याकडे दर हंगामापूर्वी येतात आणि प्रत्येक वेळी तोच रॅक वेगळ्या लांबीत काढावा लागतो. ज्यांनी असे शेड पाहिलेले नाही त्यांच्यासाठी रचना थोडक्यात सांगतो. लोखंडी अँगलच्या उभ्या चौकटी ठरावीक अंतराने उभ्या करतात, त्यांना साधारण फुटाफुटावर आडवे अँगल लावून एकावर एक दहा-बारा कप्पे करतात, कप्प्यांवर जाळी अंथरतात आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणातून काढलेली द्राक्षे त्या जाळीवर सावलीत वाळत घालतात. आमच्या नमुन्यात १२ कप्पे आहेत आणि दोन चौकटींमधला गाळा बोलीभाषेत १० फुटांचा, आराखड्यात ३००० मिलिमीटरचा धरलेला आहे. यापेक्षा मोठा गाळा चालत नाही. चार किलो द्राक्षांतून साधारण एक किलो बेदाणा उतरतो, म्हणजे सुरुवातीच्या दिवसांत जाळीवर अखेरच्या मालाच्या चौपट वजन असते. गाळा वाढला की जाळी मध्यभागी झोळ खाते आणि द्राक्षे त्या झोळात एकावर एक साचून नीट वाळत नाहीत.

पूर्वी हे काम मी ऑटोकॅडमध्ये करत असे. तेथे डायनॅमिक ब्लॉकला (ओढून बदलता येणाऱ्या घटकाला) स्ट्रेच (ताणणे) आणि ॲरे (ठरावीक अंतराने प्रती काढणे) या दोन्ही क्रिया लावल्या की टोक ओढताच दर ३००० मिलिमीटरवर नवी चौकट उमटत असे. तीच सवय घेऊन मी रेव्हिटमध्ये आलो. लाइन-बेस्ड, म्हणजे रेषा ओढून बसवायच्या, जेनेरिक मॉडेलचा साचा घेतला, त्यात चौकटीची फॅमिली (रेव्हिटमधील पुन्हा वापरता येणारा घटक) आणून ठेवली, ॲरे करताना ‘मूव्ह टू सेकंड’ हा पर्याय निवडून अंतर ३००० मिलिमीटर ठेवले आणि चौकटींच्या संख्येला लेबल लावून सूत्र दिले:

चौकटी = लांबी / ३००० मिमी

लांबी ३० मीटर असताना १० चौकटी आल्या आणि शेवटच्या टोकाला चौकटच नव्हती. बागायतदाराने जागा पुन्हा मोजून लांबी ३२ मीटर, म्हणजे ढोबळमानाने १०५ फूट सांगितली, तेव्हा ११ चौकटी आल्या, परंतु शेवटची चौकट ३० मीटरवरच थांबली आणि पुढची दोन मीटर जाळी अधांतरी राहिली. सहज म्हणून ३१ मीटर करून पाहिले तर चौकटी पुन्हा १० झाल्या आणि शेवटचे चार मीटर मोकळे पडले. लांबी वाढवली की कधी चौकट वाढते, कधी वाढत नाही, यामागचा हिशोब मला उमगलेला नाही.

यावर उपाय म्हणून ‘प्रत्यक्ष गाळा’ असा नवा पॅरामीटर (घटकाचे नाव दिलेले, बदलता येणारे माप) करून त्याला लांबीवरून सूत्र द्यायला गेलो, तर रेव्हिटने ते सूत्रच स्वीकारले नाही. शिवाय प्रत्येक गाळ्यातील जाळीचा तुकडाही मी वेगळ्या ॲरेने केला आहे. लांबी एका गाळ्याइतकी कमी केली की त्या ॲरेवर चूक दाखवली जाते. आमच्याकडे २०१९ ची आवृत्ती आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ओळंबा (मिरज)

आपण अडचण आकड्यांसह मांडली आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे आहे. आपल्या सूत्रात दोन निरनिराळ्या चुका एकात एक मिसळल्या आहेत आणि त्या कधी एकमेकींना झाकतात, कधी उघड्या पाडतात. म्हणूनच हिशोब लागत नाही.

पहिली चूक कुंपण घालणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. दहा गाळ्यांना अकरा खांब लागतात. लांबीला गाळ्याने भागले की उत्तर गाळ्यांचे येते आणि आपण ते चौकटींच्या नावावर चढवले. दुसरी चूक पूर्णांकाची आहे. संख्येचा पॅरामीटर पूर्णांक प्रकारचा असल्यामुळे भागाकार अपूर्णांकात आला की रेव्हिट तो जवळच्या पूर्णांकाकडे नेते. ३२ मीटरला १०.६७ चे ११ झाले आणि ३१ मीटरला १०.३३ चे १०. आपल्याला जवळचा पूर्णांक नको आहे. ३००० हा आकडा कमाल मर्यादेचा असल्यामुळे नेहमी वरचाच पूर्णांक हवा. माझ्या फॅमिलीतील सूत्रे अशी आहेत (येथे वाचण्याच्या सोयीसाठी नावे मराठीत दिली आहेत; फाइलमध्ये नाव ज्या अक्षरांत लिहिले असेल त्याच अक्षरांत सूत्रात यावे लागते, लहान-मोठ्या लिपीचा फरकही रेव्हिट मानते):

गाळे = राउंडअप((लांबी − १ मिमी) / कमाल गाळा)
चौकटी = गाळे + १
प्रत्यक्ष गाळा = लांबी / गाळे

३२ मीटरला गाळे ११, चौकटी १२ आणि प्रत्यक्ष गाळा सुमारे २९०९ मिलिमीटर येईल. ३१ मीटरलाही गाळे ११ च राहतील, फक्त प्रत्येक गाळा सुमारे २८१८ चा होईल. मर्यादा कुठेही ओलांडली जाणार नाही आणि टोकही मोकळे राहणार नाही.

त्या एका मिलिमीटरविषयी लोक नेहमी विचारतात, म्हणून आधीच सांगतो. रेव्हिट लांबी आत दशांश फुटांत साठवते. शिवाय माउसने ओढलेली रेषा पडद्यावर ३०००० दिसत असली तरी ती दशांशाच्या पुढे कुठेतरी कणभर मोठी असू शकते. भागाकार १० ऐवजी १०.००००१ आला तरी राउंडअप त्याचे ११ करून मोकळे होते आणि एक चौकट फुकट वाढते. एक मिलिमीटर आधीच वजा केला की हा धोका टळतो. ३० मीटरला २९९९९ भागिले ३०००, म्हणजे दहाला जरासे कमी, त्याचे वर जाऊन बरोबर १० होतात.

सूत्र का स्वीकारले गेले नाही, त्याचे कारण बहुधा असे असावे की आपण ‘प्रत्यक्ष गाळा’ हा टाइप पॅरामीटर केला. लाइन-बेस्ड साच्यातील लांबी ही प्रत्येक रॅकची स्वतंत्र, म्हणजे इन्स्टन्स पॅरामीटर असते आणि टाइप पॅरामीटरच्या सूत्रात इन्स्टन्स पॅरामीटर चालत नाही. तर्कानेही ते योग्यच आहे, कारण एकाच टाइपचे दोन रॅक वेगवेगळ्या लांबीचे असतील तर टाइपने कोणाचा गाळा सांगावा? गाळे, चौकटी आणि प्रत्यक्ष गाळा हे तिन्ही इन्स्टन्स ठेवा. कमाल गाळा मात्र टाइप असू द्या, कारण तो नमुन्याचा गुण आहे.

आता ॲरे. जुना ॲरे पूर्ण काढून टाका, त्याच्यावर दुरुस्ती करत बसू नका. साच्यात डाव्या आणि उजव्या टोकाला रेफरन्स प्लेन (मापे बांधण्यासाठीची आधारप्रतले) असतातच. चौकटीच्या फॅमिलीचा स्वतःचा मधला रेफरन्स प्लेन डाव्या प्लेनशी जुळवून लॉक करा. अँगलच्या कडेशी लॉक करू नका, उद्या अँगलचे माप बदलले की ते लॉक तुटेल. नंतर ‘ग्रुप अँड असोसिएट’ चालू ठेवून, ‘मूव्ह टू लास्ट’ निवडून ॲरे करा आणि शेवटची चौकट उजव्या प्लेनशी तशीच लॉक करा. या पर्यायात दोन्ही टोके पक्की बांधली जातात आणि मधल्या चौकटी रेव्हिट स्वतः समान अंतरावर बसवते. त्यामुळे ‘प्रत्यक्ष गाळा’ हा पॅरामीटर चौकटींच्या जागेसाठी लागतही नाही. तो केवळ वाचण्यापुरता आणि शेड्यूलमध्ये, म्हणजे नगांच्या तक्त्यात, दाखवण्यापुरता ठेवावा. अखेरीस ॲरेच्या संख्येला ‘चौकटी’ हे लेबल द्या. त्यानंतर फॅमिलीच्या आतच लांबी ३, ९.५, ३० आणि ६० मीटर करून पाहा. ३ मीटरला दोन चौकटी आल्या पाहिजेत.

जाळीबाबत माझे मत जरा वेगळे आहे. आपण शेडवर जाळी कशी अंथरली जाते ते पाहिले असेलच. ती गाळ्यागाळ्याचे तुकडे करून लावत नाहीत, तिचा रोल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उलगडत नेतात. जी वस्तू प्रत्यक्षात अखंड आहे तिचा ॲरे करण्याचे कारणच काय? जाळी दोन्ही टोकांच्या प्लेनना लॉक केलेली एकच लांब पट्टी ठेवा, ती लांबीबरोबर ताणली जाईल. आपल्या आवृत्तीत ॲरेची संख्या दोनपेक्षा कमी चालत नाही, म्हणून एकाच गाळ्याच्या वेळी चूक येत होती. चौकटी कमीत कमी दोन असतात, त्यांना ही अडचण कधीच येत नाही. ती फक्त गाळ्यांच्या ॲरेला येते आणि तो ॲरे आता राहणारच नाही.

असा कोणताही घटक बांधायला घेण्यापूर्वी मी कागदावर त्याचे भाग तीन रकान्यांत लिहितो: काय ताणले जाते, काय वाढते आणि काय जसेच्या तसे राहते. आपल्या रॅकमध्ये जाळी आणि आडवे अँगल ताणले जातात, चौकटी वाढतात, आणि कप्प्यांची उंची व टोकाचे तिरके ताण जसेच्या तसे राहतात. निम्म्या बिघडलेल्या फॅमिलींचे मूळ या तीन रकान्यांची सरमिसळ झालेली असण्यात असते.

कृष्णाकाठ_आरेखक

ओळंबा सर, मनःपूर्वक आभार. रात्रीच बसून फॅमिली नव्याने बांधली. ३, ९.५, ३०, ३२ आणि ६० या सर्व लांबींना चौकटी बरोबर आल्या. जाळीचा ॲरे काढल्यामुळे फाइलही हलकी झाली आहे. एक शंका उरली आहे. शेड्यूलमध्ये चौकटींची संख्या येत नाही, तेथे केवळ रॅक एक नग असे दिसते. बागायतदाराला लोखंडाचा अंदाज द्यायचा असल्यामुळे चौकटींची मोजणी हवी आहे.

ओळंबा (मिरज)

चौकटीची फॅमिली उघडा, फॅमिली कॅटेगरीच्या खिडकीत ‘शेअर्ड’ या पर्यायावर खूण करा आणि ती रॅकच्या फॅमिलीत पुन्हा लोड करा, मग रॅक प्रकल्पात पुन्हा लोड करा. आत बसवलेली फॅमिली शेअर्ड नसेल तर रेव्हिट तिला स्वतंत्र नग मानतच नाही.

वेल्डिंगवाला_कुपवाड

नमस्कार मंडळी. मी आरेखक नाही. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत माझे फॅब्रिकेशनचे छोटे वर्कशॉप आहे आणि गेली अनेक वर्षे बेदाण्याचे रॅक मीच वेल्ड करतो. चिरंजीव हे संकेतस्थळ पाहतो, त्याने चर्चा वाचून दाखवली, म्हणून लिहीत आहे.

ओळंबा सरांचा हिशोब गणिताने बरोबर आहे, पण तो आमच्या वर्कशॉपमध्ये महाग पडतो. अँगल बाजारात सहा मीटर लांबीचा मिळतो. तीन मीटरचा गाळा आम्ही उगाच धरत नाही. सहा मीटरच्या एका अँगलमध्ये बरोबर दोन गाळे बसतात आणि आडव्या अँगलचा जोड प्रत्येक वेळी चौकटीवर येतो. जोड चौकटीवर आला तर त्याला खालून आधार मिळतो आणि वेल्डही एकाच ठिकाणी होतो. तुमच्या संगणकाने गाळा २९०९ केला की दोन गाळ्यांचे ५८१८ होतात. जोड चौकटीवरच हवा असेल तर प्रत्येक सहा मीटरच्या अँगलमधून १८२ मिलिमीटरचा तुकडा कापून टाकावा लागतो. हातभरही लांबी नसलेला तो तुकडा भंगाराशिवाय कशाचा?

आता हिशोब पाहा. ३२ मीटरच्या रॅकमध्ये ११ गाळे, म्हणजे एका ओळीत पाच पूर्ण जोड्या. कप्पे १२, प्रत्येक कप्प्याला पुढे-मागे दोन अँगल, म्हणजे २४ ओळी. पाच गुणिले २४ म्हणजे १२० तुकडे. सगळे मिळून जवळजवळ २२ मीटर अँगल भंगारात जातो. त्याऐवजी आम्ही काय करतो, तर दहा गाळे पुरे तीन मीटरचे ठेवतो आणि जे दोन मीटर उरतात त्यांचा अकरावा तोकडा गाळा शेवटी करतो. त्या गाळ्यासाठी सहाव्या अँगलमधून दोन मीटर कापले की चार मीटरचा सलग तुकडा हातात राहतो, आणि तो पुढच्या कामाला उपयोगी पडतो.

चौकटी तुमच्या पद्धतीने बारा आणि आमच्या पद्धतीनेही बाराच. फक्त त्या उभ्या कुठे करायच्या एवढाच फरक आहे. मागे एका कामात असाच समान गाळ्यांचा आराखडा आमच्याकडे आला होता. पोराने आराखड्याप्रमाणे कापून टाकले, मी संध्याकाळी येऊन पाहतो तर कोपऱ्यात वीतभर तुकड्यांचा ढीग. तेव्हापासून आराखडा हातात आला की मी आधी गाळ्याचा आकडा पाहतो.

ओळंबा (मिरज)

दादा, आपण लिहिलेत हे फार बरे केलेत. माझ्या उत्तरात ही बाजू सुटली होती. मी रेलिंग आणि लुव्हरची कामे अधिक करतो, तेथे दर्शनी भागात शेवटचा गाळा तोकडा दिसला तर ग्राहक लगेच बोट ठेवतो, म्हणून समान विभागणीची सवय हाताला लागली आहे. बेदाण्याच्या शेडमध्ये दर्शनाचा प्रश्न नाही, तेथे अँगलची लांबीच हुकूम देते.

कृष्णाकाठ, दादांच्या पद्धतीसाठी सूत्रे अशी बदलावी लागतील:

पूर्ण गाळे = राउंडडाउन((लांबी − १ मिमी) / गाळा)
ॲरेतील चौकटी = पूर्ण गाळे + १
तोकडा गाळा = लांबी − पूर्ण गाळे × गाळा

ॲरे या वेळी ‘मूव्ह टू सेकंड’ पद्धतीने करावा, म्हणजे पहिली चौकट डाव्या प्लेनवर आणि दुसरी चौकट ३००० च्या अंतरावर नव्याने घातलेल्या प्लेनवर लॉक करावी. हे अंतर ‘गाळा’ या टाइप पॅरामीटरला जोडावे. सर्वांत शेवटची चौकट ॲरेच्या बाहेर, स्वतंत्रपणे, उजव्या प्लेनवर लॉक करावी.

आता त्या वजा केलेल्या मिलिमीटरची खरी कमाल येथे दिसते. समजा तो वजा केला नाही आणि लांबी नेमकी ३० मीटर आहे. पूर्ण गाळे १०, ॲरेतील चौकटी ११, त्यातली शेवटची ३० मीटरवर. आणि स्वतंत्र ठेवलेली टोकाची चौकटही ३० मीटरवरच. दोन चौकटी एकमेकींच्या पोटात उभ्या राहतात, पडद्यावर काहीच चुकलेले दिसत नाही आणि शेड्यूलमध्ये एक चौकट जास्त मोजली जाते. असली चूक पकडायला लोखंडाचे बिल यावे लागते. मिलिमीटर वजा केला की पूर्ण गाळे ९ येतात, ॲरेच्या १० चौकटी २७ मीटरवर संपतात, तोकडा गाळा ३००० चा, म्हणजे पुराच, निघतो आणि टोकाची चौकट धरून एकूण ११ होतात. ३२ मीटरला ॲरेच्या ११ आणि टोकाची एक मिळून १२.

एक मर्यादा मात्र आहे. लांबी तीन मीटर किंवा त्याहून कमी असेल तर ॲरेत एकच चौकट उरते आणि २०१९ च्या आवृत्तीत तेथे चूक येते. त्यासाठी ‘ॲरेतील चौकटी = इफ(पूर्ण गाळे < १, २, पूर्ण गाळे + १)’ असे लिहून ठेवा. मग तीन मीटरहून तोकड्या रॅकमध्ये एक चौकट टोकाच्या पलीकडे डोकावेल, पण फॅमिली तुटणार नाही आणि डोळ्यांना चूक लगेच दिसेल; नेमक्या तीन मीटरला मात्र ती टोकाच्या चौकटीवरच येईल आणि दिसणार नाही. एका गाळ्याचे बेदाणा शेड कोणी बांधत नाही, तेव्हा यापेक्षा अधिक सूत्रे घालून फॅमिली अवघड करण्यात अर्थ नाही.

रेखाकोन

मी सांगलीतच अंतर्गत सजावटीची कामे करते आणि आमच्याकडे रेव्हिट नाही, सर्व काम स्केचअपवर चालते. तेथेही डायनॅमिक कंपोनंटने हे साधता येते, परंतु मोजणीची रीत वेगळी असल्यामुळे वरची सूत्रे जशीच्या तशी उचलू नयेत, एवढे सांगण्यासाठी लिहिते.

स्केचअपमध्ये ‘कॉपीज’ या गुणधर्मात मूळ घटक धरलेला नसतो, त्यात जादाच्या प्रती लिहायच्या असतात. मूळ चौकट एक असतेच, म्हणून ११ गाळ्यांसाठी कॉपीज ११ लिहिले की चौकटी आपोआप १२ होतात. रेव्हिटमध्ये जे अधिक एक विसरल्याने चुकते, ते येथे अधिक एक केल्याने चुकते. प्रत्येक प्रतीचा क्रमांक ‘कॉपी’ या नावाने मिळतो, मूळ चौकटीचा शून्य, पुढचीचा एक, याप्रमाणे. आणि चौकटीच्या एक्स गुणधर्मात ‘कॉपी गुणिले गाळा’ लिहिले की प्रत्येक जण आपापल्या जागी जाऊन उभा राहतो. वरचा पूर्णांक काढण्यासाठी सीलिंग हे फंक्शन आहे.

आणखी एक गोष्ट, जिच्यात माझे दोन दिवस गेले. पालक घटक स्केल टूलने ओढला की आतील चौकटीही त्याबरोबर ताणल्या जातात आणि ४० मिलिमीटरचा अँगल ५० चा होऊन बसतो. ज्या भागाने ताणले जाऊ नये, त्याच्या लेनएक्स या गुणधर्मात ठाम आकडा लिहून ठेवावा लागतो. ओळंबा सरांचे तीन रकाने येथे अक्षरशः लागू पडतात, फक्त ‘जसेच्या तसे राहते’ हा रकाना स्केचअपला आपणहून सांगावा लागतो, तो गृहीत धरत नाही.

कडीपाट_वाई

चर्चा वाचून राहवले नाही. मी वाईत राहतो आणि जुन्या वाड्यांच्या मोजणीची व दुरुस्तीची कामे करतो. तुम्ही ज्याला गाळा म्हणता त्याला वाड्याच्या भाषेत खण म्हणतात. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण, आणि घर किती मोठे हे चौरस फुटांत सांगण्यापूर्वी आपल्याकडे ते खणांत सांगत असत. तळखडा, त्यावर खांब, खांबांवर तुळई, तुळईवर कड्या आणि कड्यांवर पाट, हे सारे खणामागून खण पुढे चालते. मेणवलीचा वाडा ज्यांनी पाहिला असेल त्यांना चौकाभोवती ही रांग डोळ्यांसमोर येईल. त्यामुळे ताणला की वाढणारा घटक हा माझ्या कामाचाही विषय आहे. पण मी त्यात एकदा पुरता फसलो आहे आणि तो अनुभव येथे सांगणे भाग आहे.

एका वाड्याच्या ओसरीला पाच खण होते. एकूण लांबी २६ फूट ३ इंच. मी समान विभागणीचा घटक टाकला आणि प्रत्येक खण ५ फूट ३ इंचांचा आला. एकूण माप तंतोतंत जुळत असल्यामुळे कोणालाही शंका आली नाही, मलाही नाही. तिसऱ्या खणावरची तुळई कुजलेली होती, तिच्या जागी नवी बसवायची होती. सुताराने आराखड्यातील खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे माप घेऊन सागाचा तुकडा कापला. तो चढवायला गेले तर चार इंच तोकडा. मग आम्ही फीत लावून एकेक खण मोजला: ५ फूट ४ इंच, ५ फूट १ इंच, ५ फूट ७ इंच, ५ फूट २ इंच आणि ५ फूट १ इंच. बेरीज बरोबर २६ फूट ३ इंच. जुन्या सुताराने हाताला मिळालेल्या लाकडाप्रमाणे खण पाडले होते आणि माझ्या घटकाने त्याचे पाचही खण सरळ करून टाकले होते. लाकडाचे पैसे मी भरले, हे वेगळे सांगायला नको.

तेव्हापासून मी नियम केला आहे की जे अजून बांधायचे आहे तेथेच ॲरे वापरायचा, आणि जे आधीच उभे आहे तेथे एका खणाचा लाइन-बेस्ड घटक करून तो खांबापासून खांबापर्यंत एकेक करून ओढायचा. पाच वेळा ओढावा लागतो, पण प्रत्येक खण आपले खरे माप घेऊन बसतो. कृष्णाकाठ यांना हे सांगण्याचे कारण असे की बेदाण्याची शेडही वाढवून घेतात. जुन्या रॅकला पुढे दहा-वीस मीटर जोडायचे काम आले, तर जुना भाग आणि नवा भाग एकाच रेषेत ओढू नका. जुन्या चौकटी मोजून वेगळ्या ठेवा आणि वाढीव भागालाच हा घटक लावा.

वेल्डिंगवाला_कुपवाड

वाईकरांचे म्हणणे शंभर टक्के खरे. दहा वर्षांपूर्वीच्या माझ्याच रॅकचे गाळे मोजलेत तर दोन-तीन सेंटीमीटर इकडे-तिकडे निघतील. जमीन उतरती असली की चौकटीचा पाय सरकतो. वाढीव कामात मी पहिली नवी चौकट जुन्या शेवटच्या चौकटीला चिकटवून उभी करतो, म्हणजे नवा हिशोब शून्यापासून सुरू होतो. ती एक चौकट जास्तीची मोजा.

कृष्णाकाठ_आरेखक

सर्वांचे मनापासून आभार. आता मी एकाऐवजी दोन फॅमिली करून ठेवल्या आहेत. ‘समान गाळे’ ही रेलिंग आणि कुंपणासाठी आणि ‘शेवटी तोकडा’ ही बेदाण्याच्या रॅकसाठी. सुरुवातीला दोन्ही पर्याय एकाच फॅमिलीत, होय-नाही प्रकारच्या पॅरामीटरने बदलता येतील असे बांधण्याचा मोह झाला होता, पण दोन ॲरे आणि त्यांची दृश्यता सांभाळताना सूत्रे इतकी वाढली की कार्यालयातील दुसऱ्या कोणाला ती समजली नसती, म्हणून तो नाद सोडला.

बागायतदाराची ३२ मीटरची शेड ‘शेवटी तोकडा’ या फॅमिलीने काढली. दादांनी सांगितल्याप्रमाणे तोकडा गाळा दोन मीटरचा आला. तो कोणत्या बाजूला ठेवावा हे बागायतदारालाच विचारले, तर त्यांनी ट्रॅक्टर लागतो त्या बाजूला नको, असे सांगितले. म्हणून रेषा उलट दिशेने ओढली.

फक्त एक गोष्ट अजून कळत नाही. चौकटीची फॅमिली शेअर्ड केल्यापासून शेड्यूलमध्ये आकडा येतो, पण तो १२ ऐवजी १३ येतो. एक मिलिमीटर मी दोन्ही सूत्रांत वजा केलेला आहे आणि टोकाला एकच चौकट आहे, तेही तपासले.

ओळंबा (मिरज)

तेरावा नग म्हणजे आपला रॅक स्वतःच आहे. चौकट आणि रॅक दोन्ही जेनेरिक मॉडेल या एकाच कॅटेगरीत असल्यामुळे शेड्यूल दोघांनाही मोजते. फिल्टरमध्ये फॅमिलीचे नाव चौकटीचे ठेवा, बारा दिसतील.